महालक्ष्म्यांचं उष्टं आणि कॉलनीचा खड्डा

माइक हातात आला की माझं डोकं रजेवर जातं, असं माझी बायको म्हणते. मी विमा विकतो, त्यामुळे बोलणं हा माझा धंदाच आहे. पण धंद्याचं बोलणं वेगळं आणि गणपतीच्या मांडवातलं बोलणं वेगळं. तिथं समोर आरतीला जमलेली अख्खी कॉलनी असते, मागे देव असतो आणि मध्ये मी. अशा वेळी माणसानं थोडक्यात आटपावं ही अपेक्षाच चूक. पण त्या वर्षी मी थोडक्यात आटपलं असतं, तर आमच्या बाईंवर परभणी सोडून जायची पाळी आली नसती. तेव्हा आधी कबुली देऊन टाकतो: जे झालं ते माझ्यामुळे झालं.

बाई म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका. सोनपेठकडच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. यजमान वारले, मुलगा पुण्यात, आणि बाई इथं एकट्या. एकट्या म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. कॉलनीतल्या तीस-बत्तीस घरांच्या ओल्या कचऱ्याची हजेरी रोज सकाळी त्या स्वतः घेत.

आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळा प्लॉट आहे, ओपन स्पेस म्हणतात तो. नकाशात तिथं बगीचा होता. प्रत्यक्षात गाजरगवत, डुकरं, आणि कुणीही लांबून नेम धरून भिरकावलेल्या पिशव्या. बाईंनी निवृत्तीनंतर पहिल्या वर्षी तो प्लॉट साफ करून घेतला. आम्ही चार-पाच जणांनी हातभर खोल दोन खड्डे घेतले, वर कमरेइतकी विटांची जाळी बांधली आणि कॉलनीचं कंपोस्ट सुरू झालं. नाव कंपोस्ट, पण सगळे त्याला खड्डाच म्हणत. सकाळी साडेसातला बाई हातात काठी घेऊन उभ्या राहत. प्रत्येकानं आपली बादली दाखवायची. काठीनं ढवळून बाई म्हणत, "केळीची सालं, ठीक. मेथीच्या काड्या, ठीक. ही शाम्पूची पुडी कुठल्या भाजीत घालता, वहिनी?"

असा त्यांचा दरारा. पण दोन वर्षांत ओपन स्पेसमधला कडुलिंब भरला, प्रत्येक घराच्या गच्चीवर वांगी-टोमॅटो लागले, आणि एकमेकांशी न बोलणारी दोन घरं खताच्या घमेल्यावरून का होईना, भांडायला लागली. खड्ड्याचा नियम एकच होता, आणि तो बाईंनी विटांवर पांढऱ्या रंगानं लिहून ठेवला होता: शिजवलेलं अन्न आणू नये.

आता बाईंच्या जिवाला काय लागलं होतं ते सांगतो. मुलाचा हट्ट होता की आईनं पुण्याला यावं, कायमचं. तो वाईट नव्हता. आईसाठी खोली रंगवून ठेवली होती त्यानं. बाईंचा जीव मात्र इथं. शेवटी मायलेकांचा करार झाला. बाईंनी मला तो स्वतः सांगितला होता: "मी त्याला म्हणाले, इथं मला काम हाय तोवर मी इथं. काम संपलं की तू गाडी घेऊन ये, मी पिशवी भरून तयार राहीन." काम म्हणजे हा खड्डा. खड्डा बंद, की बाई पुण्याला.

हे सगळं ठाऊक असून मी माइक हातात घेतला.

झालं असं की गणपतीत महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, येतात, आणि आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे दिवाळीपेक्षा मोठं प्रकरण. सोळा भाज्या, पुरण, कढी, ताकातली अंबील, आणि घरटी पन्नास पानं. तो नैवेद्य घराबाहेर जाऊ द्यायचा नाही अशी रीत. पंगतीच्या उष्ट्या पत्रावळीसुद्धा बाहेर टाकायच्या नाहीत. अंगणात खड्डा करून पुरायच्या. पूर्वी अंगणं होती. आता अंगणात सिमेंटचे गट्टू बसवलेत. गट्टूखाली पत्रावळ कशी पुरणार? मग गेली काही वर्षं जवळजवळ सगळी घरं गुपचूप एकच पाप करत होती. काळ्या पिशवीत पत्रावळी भरायच्या, वर वर्तमानपत्र घालायचं आणि घंटागाडीत टाकताना दुसरीकडे बघायचं. माझी बायको तर त्या वेळी डोळे मिटून देवीची क्षमा मागायची आणि पिशवी माझ्या हातात द्यायची, म्हणजे पाप माझ्या खात्यावर.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या संध्याकाळी, आरती झाल्यावर, मला माइकसमोर साक्षात्कार झाला. मी म्हणालो, "माता-भगिनींनो! ओपन स्पेस कुणाची? कॉलनीच्या प्रत्येक घराची! म्हणजे ते कुणाचं अंगण? आपलं सगळ्यांचं! मग महालक्ष्म्यांच्या पत्रावळी आपल्याच अंगणात पुरायला अडचण काय? उद्या सगळं उष्टं खड्ड्यात आणा. रीतही राहील, निसर्गही राहील!"

टाळ्या पडल्या. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं त्या क्षणी मी निवडणुकीला उभा राहिलो असतो तर बिनविरोध आलो असतो. बाई मांडवात नव्हत्या. त्या घरी पुरण वाटत होत्या.

फक्त एक माणूस टाळी न वाजवता उभा होता. ते अण्णा. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, खड्ड्याला लागून घर असलेले. ते म्हणाले, "सातबाऱ्यावर तुमचं नाव हाय का त्या जागेच्या?"

"नाही, पण भावना..."

"मग ते घराबाहेरच झालं. आमच्या महालक्ष्म्यांचं उष्टं आमी तिथं आणणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी कॉलनी बादल्या घेऊन निघाली. एरवी बादलीत भेंडीची देठं असत. त्या दिवशी पुरण, कढी, अंबील, सोळा भाज्यांचं कालवण आणि वर पत्रावळी. लोक खड्ड्यात ओतत होते आणि नमस्कार करत होते. कुणी हळद-कुंकूही वाहिलं. बाई आपल्याकडची सवाष्ण वाटेला लावून बाहेर आल्या, तेव्हा दोन्ही खड्डे काठोकाठ भरले होते आणि वर कढी तरंगत होती.

बाईंनी आधी खड्ड्याकडे पाहिलं, मग विटांवरच्या अक्षरांकडे, मग माझ्याकडे.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी शाळेत विज्ञानाच्या तासाला काय करायचात?"

"नाटकाची तालीम," मी खरं ते सांगितलं.

तिसऱ्या दिवशी वास सुटला. साधासुधा नव्हे. ताक, बेसन, पुरण आणि भादव्यातलं ऊन यांनी मिळून तो केला होता. माशा आल्या, कुत्री आली, आणि ज्यांच्या डोळ्यांत माझ्या भाषणानं पाणी आलं होतं त्यांनी नाकाला पदर लावून माझ्या घराकडे बोट दाखवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी अण्णांनी तक्रार अर्ज लिहिला. लांब कागद, डावीकडे समास, "सबब विनंती की सदर खड्डे तात्काळ बुजविण्यात यावेत." खाली सह्या. माझ्या शेजाऱ्याची सही होती. माझ्या व्याह्यांचीही होती, आणि ते आमच्या कॉलनीत राहतसुद्धा नाहीत. पंगतीला आले होते तेवढेच.

अण्णांवर रागवायची मला फार इच्छा होती, पण जमेना. त्यांच्या आईचं, आमच्या सगळ्यांच्या आजींचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांचा पलंग खिडकीशी होता आणि खिडकी खड्ड्याकडे. अण्णा म्हणाले, "तुमी दारं लावून घेता. मायला बाहेर बघितल्याशिवाय करमत न्हाई. तिनं काय करावं?"  

बाईच बोलल्या. "अण्णा, अनंत चतुर्दशीपर्यंत मुद्दत द्या. तवर वास गेला न्हाई, तर मी स्वतः माती टाकून बुजवते."

"वास गेला का न्हाई हे कोण ठरवणार? हे तर म्हणतील अत्तर यायलंय," अण्णांनी माझ्याकडे मान उडवली.

"तुमच्या मायच ठरवतील."

अण्णांनी विचार केला. "कबूल. मायनं वास न्हाई म्हणलं, तर माझी तकरार न्हाई."

बाईंनी त्याच दुपारी मुलाला फोन केला. मी समोर होतो. "चतुर्दशीला गाडी घेऊनच ये," त्या म्हणाल्या. "बहुतेक लागेल." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

ओल्याचा वास मारायला कोरडं लागतं, भरपूर. पाला लागतो, भुसा लागतो. पण भादव्यात पाला सगळा ओला. मला आठवलं, झरीला माझा मावसभाऊ आहे आणि त्याच्या गोठ्यामागे गेल्या वर्षीच्या सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग पत्र्याखाली पडलेला असतो. टेम्पो ठरवला आणि गेलो. मावसभावानं सगळी हकिकत ऐकली, तंबाखू मळली, आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "ऐकलं का? शहरातली माणसं उकिरडा घालायला शिकायलीत!"

"उकिरडा नाही, कंपोस्ट," मी म्हणालो.

"तेच ते. आपल्या आज्याचा उकिरडा हुता तर तू नाक दाबून बाहेरगावी शिकायला गेलास. आता तिकडं ट्रेनिंग घेऊन उकिरडा करायलास, तेबी बिघडवून. आरं, कढी वतत असत्यात का उकिरड्यात?"

"महालक्ष्म्यांची होती."

"मग तर लयच आंबट असंल." पण त्यानं टेम्पो ठासून भरून दिला, वर शेणाची चार पोती दिली, आणि पैसे काढले तर म्हणाला, "ठीव. हसलो तेवढं बास झालं."

टेम्पो कॉलनीत शिरला तेव्हा मला वाटलं होतं मी आणि बाईच हात काळे करणार. पण टेम्पोचा आवाज ऐकून दारं उघडली. अर्जावर सह्या करणारे पहिले आले. माझा शेजारी लुंगी खोचून म्हणाला, "सही केली म्हणून फावडं धरू नये असं थोडंच हाय?" बायकांनी तोंडाला ओढण्या बांधल्या. खड्डा पूर्ण उपसायचा, ओलं पसरायचं, त्यात भुसकट आणि शेणाचा काला मिसळायचा, आणि पुन्हा थर लावत भरायचा. बाई काठीनं थर मोजत होत्या. "ओलं वीतभर, कोरडं दीड वीत! भाऊ, ती वीत हाय का टीचभर?" माझ्या अंगावर पुरणाचे लोट आले. मागे कुणीतरी म्हणालं, "आता बोला माइकवर!" आणि सगळे हसले. मीही हसलो, तोंड मात्र बंद ठेवून. उघडायची हिंमत नव्हती.

मग रोज सकाळ-संध्याकाळ खालीवर करणं चाललं. खड्डा तापला, वाफ धरली, माशा गेल्या. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मी मुठीत घेऊन वास घेतला आणि मला तर काहीच येईना. पण माझ्या नाकाला कोण विचारतो?

अनंत चतुर्दशीची सकाळ. बाईंचा मुलगा गाडी घेऊन आला होता. बाईंच्या ओट्यावर दोन पिशव्या आणि एक पेटी बांधून ठेवलेली. अण्णांच्या खिडकीखाली कॉलनी जमली. अण्णांनी हातात अर्ज घेतला होता. आतून आजींनी उशी उंच करून घेतली, पदर सारखा केला, डोळे मिटले आणि श्वास घेतला. मी नाटकात कामं केली आहेत, पण असा विराम मला कधी साधला नाही.

"यायलाय की वास," आजी म्हणाल्या.

 बाईंनी काठी विटांना टेकवून ठेवली. "बरं," मुलाला त्या म्हणाल्या, "पेटी जड हाय, तू आणि भाऊ मिळून उचला." तो उठला नाही. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा अजिबात नव्हता.

"कुठं निघालीस गं?" आजींनी आतून विचारलं. "माझं पुरतं ऐकशील का न्हाई? खड्ड्याचा वास कालच गेला. ह्यो तिकडचा न्हाई. ह्यो जवळचा हाय, उशाशी." त्यांनी पुन्हा श्वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. "ही आपल्या घरची अंबील हाय. सूनबाई, औंदा ताक लय आंबट पडलंय म्हणून मी सांगितलं हुतं का न्हाई?"

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा खिडकीखालच्या सिमेंटच्या कुंड्यांकडे बघत होते, मोगऱ्याच्या सहा मोठ्या कुंड्यांकडे. त्यांची पत्नी पुढे झाली आणि बोटानं माती उकरली. दोन बोटांवर पत्रावळीचा काठ लागला. त्याखाली पुरण होतं.

"अहो!" त्या म्हणाल्या. "मला म्हणालात, माती बदलली!"

अण्णांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "घराबाहेर न्यायचं नसतं," ते म्हणाले. "दरवर्षी अंगणात पुरायचो. औंदा मायची चाकाची खुर्ची फिरावी म्हणून गट्टू बसवले. गाडीत टाकायला हात होईना. मायनं साठ वर्षं पाळलेलं. मग सगळे आरतीला गेलते तवा..." 

म्हणजे अर्ज लिहिताना त्यांना निम्मा वास घरचाच येत होता, आणि त्यांना ते कळलं नव्हतं. मला मात्र त्या क्षणी निदान सात वाक्यं सुचली होती, एकाहून एक सरस. मी तोंड उघडलं. बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. सात वाक्यं गिळली. आजही पचलेली नाहीत.

बाई कुंडीजवळ खाली बसल्या. "अण्णा, तुमचं चुकलं न्हाई," त्या म्हणाल्या, गणितात एका पायरीवर अडलेल्या पोराला सांगावं तसं. "अन्न मातीत घातलंत, बरोबर. घरात ठेवलंत, तेही तुमच्या रीतीनं बरोबर. फक्त कोरडं घालायचं राहिलं. भाऊ, दोन पोती भुसकट आणा. ह्यांचं उष्टं ह्यांच्याच फाटकाच्या आत राहील. एक ड्रम असंल ना, वहिनी?"

ड्रम निघाला. त्याला भोकं पाडली. अण्णा स्वतः कुंड्या रिकाम्या करत होते आणि आजी खिडकीतून सूचना देत होत्या, "अरे, मोगऱ्याची मुळं जप." बाईंचा मुलगा, पुण्याहून पांढरा शर्ट घालून आलेला, भुसकट ओतत होता, कारण आईनं त्याला घमेलं दिलं होतं आणि कशासाठी हे सांगितलं नव्हतं. काम संपल्यावर अण्णांनी हात धुतले, चष्मा लावला, अर्ज मांडीवर ठेवला आणि समासात लिहिलं: "निकाली." खाली सही.

चहा झाला. मुलगा ओट्यावरच्या पेटीकडे बघत बसला होता. शर्टावर शेण होतं. "आई, खोलीला पडदे पण लावलेत," तो हळूच म्हणाला.

बाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या. इतके दिवस खड्ड्याच्या काळजीत मला त्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं होतं. "पडदे बघायला येते की," त्या म्हणाल्या. "दिवाळीला पंधरा दिवस येते. तिथल्या गच्चीवर काय करता येईल तेपण बघू." मग त्यांनी वर पाहिलं. "पण पंधरा दिवस इथं कोण बघणार?"

मी हात वर केला. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"मी बघतो," अण्णा म्हणाले. "पण असं तोंडी न्हाई जमायचं. चार्ज लेखी द्या."

मग बाईंनी सांगितलं आणि मुलानं ओट्यावर बसून लिहून घेतलं: फावडी दोन, घमेली तीन, काठी एक, भुसकट पोती नऊ, पाणी दर तीन दिवसांनी, कुत्र्यांसाठी झाकण. बाईंनी सही केली. अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वरपासून खालपर्यंत वाचला, आणि सही न करता परत केला.

"परत यायची तारीख न्हाई यात," ते म्हणाले. "ती घाला आधी, मग चार्ज घेतो."